धाकल्या चिचुंद्रीचे दात

“आ करा बरं.”

नवीन माणूस भेटलं की आपण नाव विचारतो, गाव विचारतो. आक्का तोंड उघडायला सांगायच्या. शहाद्याला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायला मी आलो आणि त्यांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं. टेम्पोतून सामान उतरत होतं, तेवढ्यात त्यांनी मला ओट्यावर उभं करून ‘आ’ करायला लावलं. पाच-सहा सेकंद नुसतं पाहिलं. मग अहिराणीत म्हणाल्या, “डावी बाजूनंच खातस तुम्ही. उजवीकडनी दाढ डाक्टरले दखाडी या.”

दाढ महिनाभर दुखत होती. हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

आक्का कवळ्या बनवायच्या. दवाखान्यात डॉक्टर माप घेत, आणि पुढचं सगळं काम आक्कांच्या घरच्या पुढच्या खोलीत होई. खिडकीशी लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, एक स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, मेण कापायच्या बारीक सुऱ्या आणि घासून चकाकी आणायची एक जुनी मोटर. ती सुरू झाली की आमच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा थरथरायचं. डोळ्यांवर जाड चष्मा आणि चष्म्यावर पुन्हा एक भिंग. वय साठीच्या आसपास. नवरा फार पूर्वी गेलेला, मुलगी सुरतेला दिलेली. गावात त्यांना नावानं कोणी ओळखत नव्हतं. दातवाल्या आक्का म्हटलं की रिक्षावाला नेमका त्यांच्या दारात आणून सोडायचा.

कवळी नीट बसली की नाही याची त्यांची एक परीक्षा होती. “म्हना, शहादा शहर.” म्हातारा गडी म्हणायचा, “फहादा फहर.” आक्का कवळी काढून घ्यायच्या, कुठेतरी केसभर घासायच्या, पुन्हा बसवायच्या. “म्हना.” अशा पाच-सहा फेऱ्या व्हायच्या. आमच्या घरात दुपारी पुस्तक घेऊन बसलं की पलीकडून ‘फहादा’चा हळूहळू ‘शहादा’ होताना ऐकू यायचा. नेमका श उमटला की आक्का मोटर बंद करत.

आता तुम्ही म्हणाल, यात चिचुंद्रीचा काय संबंध? आमच्या गल्लीमागे कापसाच्या जिनिंगची एक बंद शेड आहे. तिच्या आढ्यावर गव्हाणी घुबडांची जोडी राहायची. घुबड शिकार अख्खी गिळतं आणि न पचलेली हाडं, केस यांची एक काळपट गोळी करून ओकून टाकतं. ही गोष्ट मी दरवर्षी अकरावीच्या वर्गात पाठ असल्यासारखी सांगत होतो. गोळी मात्र मी कधी उघडून पाहिली नव्हती. आक्कांनी पाहिली. त्यांच्या पत्र्यावर अशी एक गोळी पडली, गडगडत अंगणात आली आणि फुटली. त्यातून एक दाताचं टोक बाहेर आलेलं त्यांना दिसलं. दात दिसल्यावर आक्का काम टाकून बसणारच. मेण कापायच्या सुरीनं त्यांनी ती गोळी सोडवली, हाडं वेगळी केली आणि त्यातला जबडा गुलाबी मेणाच्या तुकड्यावर खोचून ठेवला.

तेव्हापासून हा नादच लागला. कृत्रिम दात ज्या चपट्या डब्यांतून येतात, त्या रिकाम्या डब्यांत आक्का ते जबडे ओळीनं लावून ठेवू लागल्या. उंदीर वेगळे, घुशीची पिल्लं वेगळी, चिचुंद्र्या वेगळ्या. चिचुंद्री हा उंदीर नाही, हे मी त्यांना सांगायच्या आधी त्यांनीच मला सांगितलं. “उंदीरले म्होरे दोन पटाशीना दात शेत, मंग मोकळी जागा. हेन्ही बत्तीशी सरळ मांगेलोंग शे, मधमा जागा नही. हाई किडा खानारनं तोंड शे, दानं खानारनं नही.” आमच्या पुस्तकात यावर दीड पान आहे. आक्कांनी दोन वाक्यांत संपवलं.

चिचुंद्रीवर त्यांचा विशेष जीव होता. आपल्याकडे तिला कोणी बरं म्हणत नाही. वास येतो, नजर अधू, भिंतीला घासत चिकचिक करत पळते, मांजर मारतं पण खात नाही. आक्का मात्र म्हणायच्या, “बठा झुरळं तीच खाई टाकस. तुमना घरमा झुरळ शे का? नही ना? मंग?”

एकदा पावसाळ्यात त्या वाडग्यात प्लास्टर कालवत होत्या. प्लास्टर कालवलं की दोन-तीन मिनिटांत साच्यात ओतावं लागतं, नाहीतर घट्ट होतं. नेमकी तेव्हाच भिंतीच्या कडेनं एक चिचुंद्री निघाली. तिच्या शेपटीच्या मुळाशी तोंडानं धरून एक पिल्लू, त्याला धरून दुसरं, त्याला धरून तिसरं, अशी चार पिल्लांची माळ. माझी बायको तिथं विरजण मागायला गेली होती. ती किंचाळून टेबलावर चढली. समोरची काकू झाडू घेऊन धावली. आक्का झाडूच्या आडव्या उभ्या राहिल्या, हातात वाडगं तसंच. “थांबा. बठा जाऊ द्या.” मधलं एक पिल्लू सुटलं आणि जागच्या जागी फिरू लागलं. आई थांबली, मागं आली, पिल्लानं पुन्हा पकडलं, आणि माळ पुढं सरकली. ती कपाटामागे दिसेनाशी होईपर्यंत आक्का हलल्या नाहीत. वाडग्यातलं प्लास्टर दगड झालं होतं आणि त्यात चमचा उभा. तो चमचा पुढं कधी निघाला नाही.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर एका सकाळी आक्का मेणाचा एक तुकडा घेऊन माझ्याकडे आल्या. त्यावर एक कवटी होती. माझ्या करंगळीच्या नखाएवढी.

“सर, हाई काय शे?”

मी वहीतून मान वर केली, पाहिलं आणि म्हणालो, “चिचुंद्रीचं पिल्लू.”

“पिल्लू?”

“हो. अगदी लहान असणार.”

आक्कांनी कवटीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मेणाचा तुकडा पदराखाली धरून परत गेल्या. मला आठवतं, मी त्यानंतर दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. पेपर तपासत होतो.

चौथ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. आता मेणाचे दोन तुकडे होते. एकावर तीच नखाएवढी कवटी, दुसऱ्यावर तिच्याहून बरीच मोठी. मोठीच्या हाडांचे सांधे अजून उघडे होते, जोरात श्वास सोडला तर विस्कटेल अशी. “हाई चिचुंद्रीनं पिल्लू,” मोठीकडे बोट करून त्या म्हणाल्या. “पिल्लू मोठं शे, आनि हाई धाकली. आते दात दखा.” स्वतःचं भिंग त्यांनी माझ्या हातात दिलं. “पहिले मोजा, मंग बोला.”

मी पाहिलं. पिल्लाचे दात सुईसारखे टोकदार होते. त्या नखाएवढ्या कवटीतल्या दातांची टोकं मात्र सपाट झालेली, दाढा झिजून गुळगुळीत. हाडांचे सांधे पक्के जुळलेले.

“मी तीस वरीसपासून घसायेल दात दखी ऱ्हायनी, सर,” आक्का हळू आवाजात म्हणाल्या. “हाई पिल्लू नही. हाई डोकरं शे.”

जीवशास्त्राचा पदव्युत्तर माणूस मी, आणि म्हाताऱ्याला बाळ म्हणून मोकळा झालो होतो. कवटी कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली नेली, ग्रंथालयातली जुनी पुस्तकं काढली, पुण्याच्या एका ओळखीच्या अभ्यासकाला फोटो पाठवले. आक्कांचं बरोबर होतं. ही वेगळीच जात. पूर्ण वाढलेली असतानाही एका रुपयाच्या नाण्याहून हलकी. जगातल्या सगळ्यात हलक्या सस्तन प्राण्यांत हिची गणना होते. युरोपच्या दक्षिण टोकापासून आपल्या देशाच्या पलीकडपर्यंत पसरलेली, आणि तरी दिसत नाही. सापळ्याची दांडी हिच्या वजनानं पडतच नाही. ती कुठं आहे हे बहुतेक ठिकाणी घुबडांनीच माणसांना सांगितलं आहे.

हे सगळं मी आक्कांना येऊन सांगितलं. त्या एक दात मेणात बसवत होत्या. या जातकुळीचे दुधाचे दात जन्माआधीच जातात, जे येतात ते एकदाच, असं म्हटल्यावर त्यांचा हात थांबला.

“मंग घसाई गयात तर?”

“दुसरे येत नाहीत.”

“आनि खावानं तर दर घडीले लागस.”

“हो. दोन-चार तास उपाशी राहिलं तरी जीव जातो.”

“कितलं जगस?”

“वर्ष, फार तर दीड वर्ष.”

आक्कांनी ती कवटी खिडकीच्या उजेडात धरली. “वरीसभरमा इतलं खादं बिचारीनी,” त्या म्हणाल्या, “का दातच सरी गयात.” त्या दिवशी मोटर पुन्हा सुरू झाली नाही.

मग आक्कांना एकच ध्यास लागला. ही धाकली आणखी कुठं कुठं राहते? मी असतो तर अर्ज, मंजुरी, वाहन यात वर्ष घालवलं असतं. आक्कांकडे पेशंट होते. कवळीसाठी म्हातारी माणसं साऱ्या जिल्ह्यातून येत. प्रत्येकाला ‘शहादा शहर’ म्हणायला लावून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, “तुमना गावले घुबड कठे बसस?” सुरुवातीला लोक दचकत. दातांच्या बाईनं घुबडाची चौकशी का करावी? पण आक्कांमुळे ज्याच्या तोंडात पुन्हा भाकरी जाऊ लागली, तो त्यांना नाही कसा म्हणणार? सारंगखेड्याहून एकजण पेढ्यांच्या खोक्यातून गोळ्या घेऊन आला. नवापूरच्या एका आजोबांच्या नातसुनेनं मोबाइलवर घुबडाचे सतरा फोटो पाठवले, गोळी एकही नाही. प्रकाशा या तीर्थाच्या गावाला आक्का स्वतः एसटीनं जात. दर्शन घेत, आणि मग तापीच्या काठाला धर्मशाळेच्या मागं पिशवी घेऊन वाकून फिरत. लोकांना वाटे, बाईचं काही हरवलं आहे.

धडगावकडचे एक पावरा आदिवासी आजोबा सागाच्या पानात बांधून गोळ्या आणायचे. आक्कांनी त्यांना भिंगातून धाकलीची कवटी दाखवली. आजोबांनी त्यांच्या पावरी बोलीत एक नाव सांगितलं. ते मला चार वेळा ऐकूनही म्हणता आलं नाही. मग ते मोडक्या मराठीत म्हणाले, “शेताच्या दगडाच्या बांधात राहते. लहानच राहते ती. मोठी होत नाही.” आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

स्टेशनरीच्या दुकानातून त्यांनी जिल्ह्याचा शाळेचा नकाशा आणला आणि टेबलामागच्या भिंतीवर लावला. घरातली चिचुंद्री जिथं मिळाली तिथं प्लास्टरचा पांढरा ठिपका, धाकली मिळाली तिथं गुलाबी मेणाचा. दोन वर्षांत पांढरे ठिपके सगळीकडे झाले. शहादा, नंदुरबार, प्रकाशा, नवापूर, जिथं घरं तिथं पांढरं. सातपुड्याच्या बाजूला वर जावं तसे ते विरळ होत गेले, एकेका वस्तीपाशी एक. गुलाबी ठिपके थोडेच, पण वेगळ्याच जागी. तापीकाठच्या घळी, शेतांचे बांध, तोरणमाळच्या वाटेवर उताराची माती अडवायला रचलेल्या दगडी ताली. मी तो नकाशा पाहत उभा होतो तेव्हा आक्का म्हणाल्या, “मोठी मानूसना मांगे मांगे जास. धाकलीले मानूसनं काहीच नको.” एवढ्या ठिपक्यांवरून कितपत खात्रीनं बोलावं हे मला माहीत आहे. तरी जिल्ह्यातल्या चिचुंद्र्यांविषयी याहून चांगलं वाक्य मी वाचलेलं नाही.

आता मला माझ्याविषयी एक गोष्ट सांगावी लागेल.

कॉलेजला तपासणीसाठी समिती येणार होती. प्राचार्यांनी प्रत्येक विभागाला भित्तिफलक करायला सांगितलं. मी केला. ‘नंदुरबार जिल्ह्यातील चिचुंद्र्या : प्रकार आणि आढळ’. आक्कांचा नकाशा सुबक करून काढला, जबड्यांचे फोटो लावले आणि खाली माझं नाव लिहिलं. फक्त माझं. विसरलो, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. विसरलो नव्हतो. ‘कवळी बनवणारी बाई’ हे समितीला कसं दिसेल, असा विचार मनात आला होता, आणि मी त्याचं ऐकलं होतं. समितीनं फलकाचं कौतुक केलं. मी मान लववली.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन गावकऱ्यांसाठी खुलं होतं. आक्का आल्या. ठेवणीतलं नऊवारी लुगडं नेसून, पिशवीत भिंग. फलकाच्या पुढ्यात उभ्या राहून त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, शब्दावर बोट ठेवत. मी चार पावलांवर उभा. बोट खाली खाली येत होतं, आणि खाली माझं नाव होतं. आजूबाजूला मुलं, पालक, दोन सहकारी. बोट माझ्या नावावर आलं, थांबलं, आणि पुन्हा वर गेलं.

“सर,” त्या म्हणाल्या, “एक चूक शे.”

मी एक पाऊल पुढं आलो. “काय, आक्का?”

“दात अठ्ठावीस लिखेल शेत. तीस शेत. वरना अठरा, खालना बारा.”

मी पाहिलं. दुसऱ्या एका जातीचा आकडा पुस्तकातून उतरवून घेतला होता. ज्या बाईनं शंभरावर जबडे मोजले तिला विचारलं नव्हतं.

“पहिले मोजा, मंग बोला,” आक्का हसून म्हणाल्या, आणि पुढच्या फलकाकडे, भूगोल विभागाकडे गेल्या. त्या हसण्यात टोमणा असता तर मला सोसलं असतं. तो नव्हता. त्यांना खरोखर फक्त तो आकडाच खटकला होता.

त्या संध्याकाळी मी फलक उतरवला. आकडा बदलला. त्यांचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं, एवढ्या वर्षांत विचारलंच नव्हतं. समोरच्या काकूंकडून ते मिळवलं आणि सगळ्यात वर, मथळ्याच्या खाली, एकट्या त्यांचं नाव लिहिलं. फलक पुन्हा जागेवर लावला, मग त्यांच्याकडे गेलो आणि मुद्दाम वगळलं होतं हे सरळ सांगून टाकलं.

आक्का मेण वितळवत होत्या. “कवळीवर कोन्ही नाव लिखस का, सर? जेन्हा तोंडमा बसनी, तेन्ही.” मग त्यांनी विचारलं, “आते लिखं का?”

“लिहिलं.”

“मोठ्ठा अक्षरमा?”

“मोठ्या अक्षरांत.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी पाहिलं तर आक्का समोरच्या काकूंना घेऊन फलकापुढे उभ्या होत्या. काकूंना वाचता येत नाही. आक्का त्यांना वाचून दाखवत होत्या, आणि नावापाशी आल्यावर त्यांनी काकूंचं बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवलं.

आक्कांना जाऊन आता दोन उन्हाळे झाले. हृदयाचं दुखणं होतं. शेवटचे काही महिने त्या मुलीकडे सुरतेला होत्या आणि तिथंच गेल्या. फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. त्यांचे डबे आता आमच्या विभागातल्या काचेच्या कपाटात आहेत. प्रत्येक डब्यावर त्यांच्या हातची चिठ्ठी आहे, गाव आणि दातांची संख्या. त्यांच्या घरात आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

सुरतेला जायच्या आधीच्या थंडीतली ही गोष्ट. काम त्यांनी बंद केलं होतं. ओट्यावर उन्हात बसून असत, चार पावलं चालल्या तरी दम लागायचा. डिसेंबरातली कडक सकाळ होती. कॉलेजच्या बागेत रोपांसाठी जमिनीत पुरलेला एक रिकामा डबा होता, आणि त्याच्या तळाशी मला काहीतरी दिसलं. आधी वाटलं चिंचोका. उचललं तर मऊ लागलं. निमुळतं नाक, दोऱ्याएवढी शेपूट. धाकली. पाच वर्षांत आम्ही तिची हाडंच पाहिली होती. ती थंडगार पडली होती. मी तिला मेलेलीच समजलो, रुमालात ठेवली आणि मोटरसायकलवरून आक्कांकडे नेली. निदान अख्खी तरी त्यांना दाखवावी म्हणून.

आक्कांनी चष्मा सारखा केला. तिला तळहातावर घेतलं आणि पाहत राहिल्या. मग दुसरा तळहात वर ठेवला आणि दोन्ही हात पोटाशी धरले, पदराच्या आत.

“आक्का, ती गेलीय.”

“थंडीमा निजी जास, तुम्हीच सांगं व्हतं.”

सांगितलं होतं खरं. अशा थंडीत हा जीव अंगातली धग कमी करून पडून राहतो. मीच विसरलो होतो.

आम्ही बसून राहिलो. गल्लीतून भाजीची गाडी गेली. समोरच्या काकूंनी चहा आणून ठेवला, तो निवला. आक्कांनी हात हलवला नाही. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं.

“सर,” त्या कुजबुजल्या, “अठे बोट लावा.”

मी त्यांच्या तळहाताच्या फटीतून बोटाचं टोक आत घातलं. ठोके मोजता येत नव्हते. एक अखंड थरथर होती, इतकी बारीक की माझीच नस उडते आहे असं वाटलं. आक्का डोळे मिटून बसल्या होत्या. ओठ हलत होते. मोजायचा प्रयत्न करत होत्या. मग त्यांनी तो सोडला आणि हसल्या.

“नही मोजाई ऱ्हायनं,” त्या म्हणाल्या.

त्यांनी हात उघडले. धाकली उठून बसली. नाक चहूकडे फिरवलं, मिशा हलल्या. भिंग त्यांच्या मांडीवरच पडलं होतं, पण आक्कांनी ते उचललं नाही. त्या क्षणभर नुसत्या पाहत राहिल्या, आणि ती अंगठ्यावरून, मनगटावरून, लुगड्याच्या निऱ्यांवरून ओघळल्यासारखी खाली उतरली आणि ओट्याच्या दगडांच्या सांदीत शिरली.

सांद एवढी बारीक होती की तिथं माझी करंगळीसुद्धा गेली नसती. मी वाकून आत पाहत होतो. वर पाहिलं तेव्हा आक्कांचा हात अजून तसाच पुढं धरलेला होता, उन्हात, तळवा वर करून.